रेडिओचा कान आणि बालाघाटचे लाकूड

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर, धाराशिव आणि येडशी मागे टाकून बालाघाटाच्या पठारावर येतो. येरमाळ्याच्या चौकात त्याला बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता छेदतो. श्रीक्षेत्र कुंथलगिरीच्या दर्शनाला सोलापूर-बार्शीकडून निघालेल्या श्रावक मंडळींना हा चौक चांगला परिचयाचा आहे. येथे चहा होतो, दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकायचे असेल तर डबे उघडले जातात, आणि गाड्या उत्तरेकडे निघतात. पुढे फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेले तेरखेडा लागते, मग सरमकुंडीचा फाटा येतो, आणि तेथून आत वळले की माळरानाच्या पलीकडे कुंथलगिरीची शुभ्र मंदिरे दिसू लागतात. बहुतेकांच्या प्रवासात येरमाळा एवढाच असतो. ज्याला आवाजाची आणि लाकडाची आवड आहे, त्याने मात्र येथे थोडे अधिक थांबावे.

येरमाळ्याचे नाव मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे ते डोंगरावरील येडेश्वरी देवीमुळे. चैत्र पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते, आणि वाटेतील रानात लाखो भाविक चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. उन्हाने तापलेल्या काळ्या मातीत वाकून वेचलेला एकेक खडा पुढे एका ठिकाणी जमा होतो. हा सोहळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे दृश्य आठवते, पण त्याहून अधिक त्याचा नाद आठवतो. संबळ, झांजा, चौंडके, हलगी, आणि या सगळ्या गजरातून एखाद्या उंच, कोरड्या, न थांबणाऱ्या ठिपक्यासारखे वाजत राहणारे तुणतुणे.

तुणतुण्याची रचना अगदी साधी असते. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला ताणलेले कातडे, बाजूला घट्ट बसविलेली काठी, एकच तार आणि काठीच्या शेंड्याला एक खुंटी. गाणाऱ्याची पट्टी बदलली की वाजविणारा गाणे न थांबविता अंगठा आणि तर्जनी खुंटीवर नेतो, किंचित पिळतो, कान देतो, आणि तार जागेवर येते. या वाद्यातील कातडे अहिंसाव्रती श्रावकाला रुचणार नाही, हे उघड आहे. पण ती खुंटी पाहण्यासारखी असते. वर्षानुवर्षे बोटे फिरून ती गुळगुळीत झालेली असते आणि तिच्या दोन बाजूंना अंगठ्याच्या आकाराची उथळ खोलगट जागा पडलेली असते. आवाज माणसाच्या हाताला भेटतो तो नेमका त्या ठिकाणी.

हीच खुंटी येथून नैर्ऋत्येला, मिरजेत, पूर्णत्वाला गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार कुटुंबांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या बंधूंची नावे या परंपरेच्या मुळाशी घेतली जातात. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून येतो, दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची असते, आणि खुंट्यांना शिसवीसारखे कठीण लाकूड लागते. खुंटी निमुळती कातलेली असते. ती छिद्रात दाबून फिरवायची, आणि केवळ घर्षणाच्या बळावर तिने तारेचा ताण धरून ठेवायचा. पावसाळ्यात लाकूड फुगले की ती अडकते, उन्हाळ्यात आकसले की घसरते. घसरणाऱ्या खुंटीला वादक थोडा खडू चोळतात. येरमाळ्याच्या रानातील चुनखडी आणि मिरजेच्या खुंटीवरील खडू ही एकाच जातीची माती! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या अनेक पिढ्यांच्या हातांना मिळाले असे म्हणावयास हरकत नाही.

आता कुंथलगिरीकडे वळू. देशभूषण आणि कुलभूषण या मुनिद्वयाची ही निर्वाणभूमी आहे. पण गेल्या शतकातील जैन समाजाच्या स्मरणात हे क्षेत्र आणखी एका घटनेने कोरले गेले आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी येथे सल्लेखना घेतली, आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी, भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, त्यांनी देह ठेवला. त्याच्या दहा दिवस आधी, ८ सप्टेंबरला, सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, महाराजांनी मराठीत अंतिम उपदेश केला आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. अन्नाचा त्याग केलेल्या वृद्ध तपस्व्याचा तो स्वर बालाघाटाच्या या डोंगरावर यंत्राने टिपून ठेवला. महाराजांना ज्यांनी पाहिले त्यांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या नातवंडांना महाराज भेटतात ते छायाचित्रांतून आणि या आवाजातून.

असा जुना, क्षीण आवाज ऐकताना प्रत्येक घरात एकच क्रिया घडते. यंत्रापाशी बसलेला माणूस हात पुढे करतो आणि आवाजाचे बटन किंचित उजवीकडे फिरवितो. खरखर वाढते, पण शब्दही वाढतो. पुन्हा किंचित डावीकडे. शेवटी खरखर आणि शब्द यांच्यामध्ये एक अशी जागा सापडते की तेथे हात थांबतो. जुन्या पिढीत याला ‘रेडिओचा कान पिळणे’ म्हणत. शब्द विनोदाने रूढ झाला खरा, पण तो अर्थाला धरून आहे. यंत्राचा कान आणि माणसाचा कान एकमेकांशी जुळतात ते या बोटभर वस्तूच्या द्वारे.

ही बोटभर वस्तू कशाची असते? आचार्यश्रींच्या काळातील रेडिओंवर आणि ध्वनियंत्रांवर ती बहुधा बेकेलाइटची, तपकिरी किंवा काळी असे. बेकेलाइटची कथा आपल्या देशाशी अनपेक्षितपणे जोडलेली आहे. विजेच्या तारांवर व उपकरणांवर आवरण देण्यासाठी त्या काळी लाखेचा मोठा वापर होई, आणि लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव. ती गोळा करताना त्या जीवांचा संहार अटळ असतो. अमेरिकेत स्थायिक झालेले बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड लाखेला पर्याय शोधीत होते, आणि त्या शोधात १९०७ च्या सुमारास त्यांना हे नवे द्रव्य सापडले. साच्यात ओतून वस्तू करावयाची तर त्यात भर म्हणून लाकडाचे बारीक पीठ मिसळत. म्हणजे आजोबांच्या रेडिओचे ते चकचकीत काळे बटन मुळात काही अंशी लाकडाचेच होते. केवळ लाकूड ओळखू येत नव्हते.

लाखेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि पुढील चार दशके या देशातील बहुतेक गाणे लाखेवर कोरले गेले. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचे नाव आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्या घरांनी लाखेचा व्यापार वर्ज्य मानला, त्याच घरांत लाखेच्या तबकड्यांवर भजने ऐकली गेली. कोणी हा विसंवाद मुद्दाम ओढवून घेतला नव्हता; वस्तू कशाची बनते हे ग्राहकाला क्वचितच ठाऊक असते.

पुढे प्लॅस्टिक आले आणि बटन हलके, स्वस्त, एकसारखे झाले. त्यानंतर बटनच नाहीसे होऊ लागले. भ्रमणध्वनीच्या काचेवर बोट सरकविले की आवाज वाढतो. पण ज्यांना संगीत गंभीरपणे ऐकावयाचे असते, त्यांच्या ॲम्प्लिफायरवर फिरते बटन आजही आहे, आणि गेल्या काही वर्षांत अशा रसिकांमध्ये लाकडी बटनांची आवड पसरली आहे. कोणी जुन्या ग्रामोफोन-रेडिओची दुरुस्ती करतो आणि तुटलेल्या बटनाच्या जागी नवे कातून घेतो. कोणी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतःचा ॲम्प्लिफायर जोडतो, आणि त्याच्या दर्शनी भागासाठी शिसवीची बटने हवी म्हणून कातारी शोधतो. परदेशात तर आबनूस, पडौक, वेंगे अशा दूरदेशीच्या लाकडांची बटने मागणीनुसार घडवून देणे हा एक छोटासा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर रुंदीचा ठोकळा घ्यावा, लेथवर धरावा, पटाशीने गोल करावा, मधोमध छिद्र पाडावे, झाले. पण अशा रीतीने केलेले बटन पहिल्याच पावसाळ्यात वाकुल्या दाखविते. लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ स्थिर राहते, आडव्या दिशेने पुष्कळ हलते. म्हणून ठोकळा असा कापला की तंतू बटनाच्या तोंडावर आडवे येतील, तर उन्हाळ्यात गोल असलेले बटन भाद्रपदात लंबगोल होते, आणि फिरविताना डोळ्याला ते लगेच खटकते. तंतू दांडीच्या दिशेने उभे ठेवले, तर हा दोष बराच कमी होतो. शिवाय जाणता कारागीर एका बैठकीत काम संपवीत नाही. तो ठोकळा प्रथम जाडसर कातून काही महिने सावलीत ठेवतो, लाकडाला जे वाकायचे ते वाकू देतो, आणि मग अखेरचा हात फिरवितो. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाची कोरडी हवा या कामाला फार चांगली. फक्त तेथे सुकविलेले लाकूड मुंबईच्या पावसाळ्यात जाणार आहे, हे ध्यानात ठेवून मापे धरावी लागतात.

दुसरी खुबी छिद्राची आहे. ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूम कंट्रोलची दांडी बहुतेक ठिकाणी ६ मिलिमीटर जाडीची असते, पण अमेरिकन पद्धतीच्या यंत्रांत ती पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. हा एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक ज्याने आधी विचारला नाही, त्याचा माल परत येतो. काही दांड्या गोल असतात, काहींची एक बाजू सपाट केलेली असते, काहींवर दातेरी रेघा असतात. लाकडात थेट दांडी घातली तर वर्षभरात छिद्र झिजते आणि बटन डुगडुगू लागते. म्हणून आत पितळेची बारीक नळी बसवितात, तिला आडवा आटे पाडून लहानसा स्क्रू देतात, आणि तो दांडीवर आवळतात. शिसवीसारखे तेलकट लाकूड गोंद सहज धरीत नाही. नळी चिकटविण्यापूर्वी छिद्र आतून पुसून तेल काढावे लागते. छिद्र केसभर जरी मध्यापासून ढळले तरी बटन फिरताना हेलकावे खाते, म्हणून ते लेथवरच, ठोकळा फिरत असताना पाडतात. बुडाशी थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे दांडीभोवतीची चाकी तीत बसते आणि बटन पत्र्याला घासत नाही. तोंडावर खूण हवी. तेथे पितळेची बारीक तार ठोकून सपाट घासतात. ॲम्प्लिफायरला दोन-तीन बटने असतील तर ती एकाच फळीतून, एकामागून एक कातलेली असावी लागतात. नाहीतर एक बटन तांबूस आणि दुसरे जांभळट दिसते, आणि गिऱ्हाईक ते आयुष्यभर विसरत नाही.

एवढे होऊन तयार बटनाचे लाकूड भरते ते किती? सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाचे आणि २२ मिलिमीटर उंचीचे शिसवीचे बटन घेतले, तर लाकूड वीस-एकवीस ग्रॅमच्या आसपास. एक घनफूट लाकडातून, करवतीचा भुसा आणि तुटफूट वजा जाता, अशी तीनशेच्या घरात बटने निघू शकतात. म्हणजे या धंद्याला झाड तोडण्याची गरज नाही. फर्निचरवाल्याने टाकून दिलेला तुकडा, वादळात मोडलेली फांदी, जुन्या वाड्याची तुळई, मोडक्या पलंगाचा पाय यांवर तो चालू शकतो. कर्मादानांतील वनकर्माचा दोष ज्याला टाळावयाचा आहे, अशा गृहस्थाला याहून सोयीचा लाकडी धंदा शोधूनही सापडणार नाही.

‘दूरदेशीचे लाकूड’ हा शब्दही येरमाळ्याच्या परिसरात उभे राहून तपासून पाहावा. युरोप-अमेरिकेच्या दृष्टीने जे अपूर्व, ते आपल्या पायाशी पडलेले असते. आबनूस म्हणजे काही केवळ आफ्रिकेची मिरास नव्हे. ज्या टेंभुर्णीच्या पानांत विडी वळली जाते, त्या झाडाच्या जुन्या खोडाचा गाभा काळाभोर असतो, आणि तो आबनूसच होय. पुणे-सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णी गावाच्या नावात तेच झाड उभे आहे. चिंचेचा गाभा लहान, पण जांभळट तपकिरी आणि दगडासारखा कठीण असतो. बाभळीचा गाभा तांबूस आणि चिवट. धावडा आणि तिवस यांची लाकडे बैलगाडीच्या आणि शेतीच्या अवजारांसाठी पिढ्यान्पिढ्या वापरात आहेत. काळ्या कुड्याचे लाकूड तर इतके शुभ्र आणि मऊ पोताचे असते की त्याची तुलना हस्तिदंताशी केली जाते; कर्नाटकातील चन्नपट्टणच्या प्रसिद्ध खेळण्यांना तेच लाकूड वापरतात. दंतवाणिज्य वर्ज्य मानणाऱ्या परंपरेने या झाडाची आठवण ठेवावी.

या लाकडांना बाजार नवा नाही. येडशीपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात तगराचा उल्लेख मोठे नगर म्हणून येतो. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून नाना प्रकारचे कापड गाड्यांनी भडोचला जात असे. त्याच ग्रंथात भडोचहून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचाही उल्लेख आहे; त्यांत तांबे, चंदन, सागाच्या तुळया, शिसवी आणि आबनुसाचे ओंडके भरलेले असत. तगराच्या कापडाने आणि शिसवीच्या ओंडक्याने एकाच बंदरातून समुद्र पाहिला. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील कोरीव लाकडी द्वारशाखा ज्याने पाहिली असेल, त्याला या भागातील सुतारांच्या हाताविषयी वेगळे सांगावे लागणार नाही.

व्यापारी कुटुंबातील तरुण हे वाचून कदाचित हिशोब मांडू लागेल, आणि त्यात गैर काही नाही. कच्चा माल नगण्य, यंत्र लहान, वस्तू पाकिटातून जगभर पाठविता येण्याजोगी. पण या धंद्यात तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि गंमत अशी की तिन्ही ठिकाणांची नोंद तत्त्वार्थसूत्राच्या व्रतविचारात फार पूर्वी होऊन गेली आहे.

पहिले ठिकाण प्रतिरूपक व्यवहाराचे, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकण्याचे. साध्या लाकडाला काळा रंग पाजून आबनूस म्हणून विकणे अतिशय सोपे आहे. पॉलिश झाल्यावर सामान्य ग्राहकाला फरक कळत नाही. तो कळतो काही वर्षांनी, बोटांच्या घामाने काळेपण उतरून आतला पांढुरका रंग डोकावू लागतो तेव्हा. अस्सल आबनूस बहुधा पाण्यात बुडतो, हलके रंगविलेले लाकूड तरंगते, ही एक परीक्षा आहे. पण पाकिटातून आलेले बटन पाण्यात टाकून पाहणारा ग्राहक विरळा. विक्रेत्याच्या मनावरच सारे अवलंबून असते.

दुसरे ठिकाण असत्य वचनाचे. लाकडी बटन लावल्याने ॲम्प्लिफायरचा स्वर अधिक मधुर होतो, असा दावा करून एका बटनाला शेकडो डॉलर घेणारे विक्रेते पाश्चात्त्य देशांत होऊन गेले आहेत. वास्तविक बटन विजेच्या मार्गात येतच नाही. ते दांडी फिरविते, आणि तिथे त्याचे काम संपते. लाकडाचे बटन हाताला ऊबदार लागते, चांगले तोललेले असेल तर आवाज हळुवारपणे कमी-अधिक करता येतो, डोळ्याला ते सुंदर दिसते. या तीन खऱ्या गोष्टींवर ते उत्तम विकले जाते; चौथी खोटी गोष्ट जोडण्याचे कारणच नाही.

तिसरे ठिकाण विरुद्धराज्यातिक्रमाचे, राज्याचा निर्बंध ओलांडून केलेल्या व्यापाराचे. हे सर्वांत कठीण, कारण येथे अजाणताही चूक होते. वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात जानेवारी २०१७ पासून शिसवी आणि शिसम यांसह डालबर्जिया कुलातील जवळजवळ सर्व वृक्ष आले. मिरजेपासून सहारनपूरपर्यंत लाकडी वस्तू घडविणाऱ्यांना त्याचा धक्का बसला. २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि वाद्यांचे भाग यांना सवलत मिळाली. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत आणखी एक स्पष्टीकरण झाले : दहा किलोची मर्यादा संपूर्ण खेपेला नसून प्रत्येक वस्तूतील त्या लाकडाच्या वजनाला लागू आहे. वीस ग्रॅमचे बटन त्या मर्यादेपासून फार दूर राहते. तरीही लाकूड कोठून आले याचा कागद हवाच. हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेची ‘वृक्ष’ ही प्रमाणपत्र-व्यवस्था त्यासाठी आहे. घरच्या पातळीवरही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे, आणि त्याच्या सूचीत साग, खैर, तिवस यांच्याबरोबर आंबा आणि चिंचही आहे. आपल्याच बांधावरची चिंच परवानगीवाचून तोडता येत नाही, हे अनेक शेतमालकांना नोटीस आल्यावर कळते. रक्तचंदनाविषयी तर बोलावयासच नको. ‘स्वस्तात मिळते आहे’ असे कोणी सांगू लागला की तेथून उठावे.

लाखेचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि क्षणात रंगीत चकाकी चढते. सावंतवाडीची आणि चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. ती चकाकी मोहक खरी, पण तिचा उगम वर आलाच आहे. बटनाला तिची आवश्यकता नसते. जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने दोन-तीनदा चोळून प्रत्येक वेळी सुकू द्यावे, आणि वर कार्नौबा या ताडवर्गी झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचा हात फिरवावा. मधमाश्यांच्या मेणाचीही मग गरज उरत नाही. अशा बटनावर काचेसारखी झळाळी येत नाही. वापरता वापरता बोटांनीच ती यावी लागते. तेलाने भिजलेली चिंधी मात्र गोळा करून टाकू नये, पसरून वाळवावी. गुंडाळलेली चिंधी आपोआप तापून पेट घेते. आणि शिसवी, आबनूस कातताना नाकातोंडावर फडके हवे, कारण त्यांचा भुसा कित्येकांना बाधतो.

येरमाळ्याच्या चौकातून निघताना हल्ली जुन्या वाटसरूंना एक उणीव जाणवते. महामार्ग चौपदरी झाला, प्रवासाचा वेळ वाचला, आणि रस्त्याकडेच्या चिंचा-कडुलिंबांच्या जुन्या रांगा विरळ झाल्या. त्यांचे बरेचसे लाकूड सरपण आणि वीटभट्टी याच वाटेने जाते. चिंचेच्या जाड खोडाचा जांभळा गाभा वीट भाजण्यात जावा, याची खंत लाकूड ओळखणाऱ्याला वाटते. लिलावात रीतसर घेतलेल्या एखाद्या बुंध्यातून किती घरांच्या यंत्रांना कान मिळाले असते, हा हिशोब घनफुटाच्या आकड्यावरून कोणालाही करता येईल.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेला कुंथलगिरीवर आचार्यश्रींची पुण्यतिथी असते. हवा ओलसर असते, डोंगर हिरवा असतो, दशलक्षण पर्व तीन दिवसांवर आलेले असते. ज्या घरांना डोंगरावर जाणे जमत नाही, तेथे १९५५ चे ते ध्वनिमुद्रण लावले जाते. त्यांपैकी एखाद्या घरात लाकडी बटनाचा ॲम्प्लिफायर असला, तर त्या दिवसांत ते बटन दमट हवेने किंचित फुगलेले असेल, बुडाशी पोकळी कमी ठेवली असेल तर पत्र्याला जरासे घासतही असेल. आवाज क्षीण आहे, खरखर पुष्कळ आहे. बसलेल्यांपैकी थोरला कोणी पुढे सरकतो, बटन उजवीकडे फिरवितो, पुन्हा किंचित मागे आणतो, आणि हात तेथेच ठेवून ऐकू लागतो.